इंदूरात घरी बसून रेझ्युमे टेम्प्लेट विकायला सुरुवात केली, त्याची सगळी हकिगत

वर्ड बऱ्यापैकी येतं, थोडी डिझाइनची नजर आहे आणि घरून काहीतरी विकायचंय अशा बऱ्याच जणी मला विचारतात की तू नक्की कुठून सुरू केलंस, खर्च किती आला, जीएसटी लागतं का, पैसे खात्यात कसे येतात. प्रत्येकीला फोनवर सांगताना काहीतरी राहूनच जातं, म्हणून एकदा नीट लिहून काढते. मी नोव्हेंबर २०२४ मध्ये नोकरी सोडून हे काम हातात घेतलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये या धंद्याचं उत्पन्न दाखवून पहिला रिटर्न भरला, तेव्हा कुठे वाटलं की हां, आता एक चक्कर पूर्ण झाली.

त्याआधी मी पलासियाला एका प्लेसमेंट एजन्सीत होते. दिवसभर रेझ्युमे वाचायचे, गाळायचे, कंपन्यांना पाठवायचे. पीथमपूरच्या कारखान्यांना आयटीआय आणि डिप्लोमावाले लागायचे, विजयनगरच्या कॉल सेंटरना इंग्रजी बोलणारी मुलं, दुकानं-गोदामांना टॅली येणारे. त्यामुळे रेझ्युमे कुठे मार खातो हे मला डिझाइन शिकायच्या आधीपासून माहीत होतं. एक नमुना सांगते. एका मुलाने भंवरकुआच्या एका ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानातून दोन कॉलमचा रेझ्युमे बनवून आणला होता, डावीकडे निळी पट्टी, पट्टीत फोटो, नंबरच्या आधी छोटंसं फोनचं चित्र, आणि प्रत्येक स्किलसमोर पाच गोल, त्यातले चार भरलेले. कागदावर खरंच छान दिसत होता. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला तर नावाच्या रकान्यात ऑटोकॅड आलं, फोन नंबर आलाच नाही कारण तो हेडरमध्ये, म्हणजे पानाच्या वरच्या वेगळ्या पट्टीत होता, आणि अनुभवाची पहिली ओळ जाऊन चिकटली छंदांना. मुलगा कामाचा होता म्हणून मी त्याची माहिती हाताने भरली, पण एका जागेला दोन-तीनशे अर्ज आले की कोण बसतं हाताने भरत? त्या मुलाने पैसे देऊन तो रेझ्युमे करून घेतला होता हे मला फार लागलं. माझ्या धंद्याचं बी तिथलंच आहे.

तर सगळ्यात आधी मी हे ठरवलं की विकायचं कुणाला. इंटरनेटवर टेम्प्लेट फुकट भरपूर मिळतात, त्यातली बरीचशी अमेरिकन ऑफिसातल्या माणसांसाठी केलेली असतात. आपल्याकडचा फिटर, डिप्लोमा मेकॅनिकल, बीकॉम करून टॅली शिकलेली मुलगी, सीपीसीटी पास होऊन डेटा एंट्रीच्या जागा शोधणारा, यांना त्यात काय लिहायचं तेच कळत नाही. सीपीसीटी बाहेरच्यांना माहीत नसेल, ती आमच्या मध्य प्रदेशातली कॉम्प्युटर आणि टायपिंगची परीक्षा आहे, सरकारी ऑपरेटरच्या कामांना तिचा स्कोअर विचारतात. मी अशा लोकांचे गट पाडले आणि प्रत्येकासाठी एक-एक टेम्प्लेट करायचं ठरवलं, आतला नमुना मजकूर पण त्याच कामाचा. फिटरच्या टेम्प्लेटमध्ये ब्रेकडाउन मेंटेनन्स कसं लिहायचं, कुठल्या मशीन हाताळल्या ते कुठे येतं, शिफ्टचा उल्लेख कसा करायचा, हे सगळं भरलेलं, गिऱ्हाइकाने फक्त आपलं बदलायचं. माझ्या मते टेम्प्लेटची निम्मी किंमत या नमुना ओळींची असते.

नोव्हेंबर-डिसेंबर बनवण्यात गेला. इथे थोडं तपशिलात लिहिते कारण इथेच लोक घाई करतात. टेक्स्ट बॉक्स नाही, टेबल नाही, नाव आणि नंबर हेडरमध्ये नाहीत, साध्या पानावर वरती. एकच कॉलम. डावीकडे कंपनीचं नाव आणि त्याच ओळीत उजवीकडे तारखा हव्या असतील तर स्पेस दाबत जायचं नाही, राइट टॅब लावायचा, म्हणजे समोरच्याने कंपनीचं नाव कितीही लांब लिहिलं तरी तारीख हलत नाही. मग पूर्ण फाइल सिलेक्ट करून कॉपी करायची आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करायची. तिथे जर नाव, नंबर, शिक्षण, अनुभव हे क्रमाने वाचता आलं तर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरलाही बहुतेक वाचता येईल, आणि क्रम उलटसुलट झाला तर कितीही देखणं असलं तरी ते टेम्प्लेट बाद. मी एक फार सुंदर जमलेलं टेम्प्लेट या परीक्षेत बाद केलं, जिवावर आलं होतं पण केलं.

दुसरी परीक्षा मोबाइलची. आपल्याकडे रेझ्युमे घेणाऱ्या बहुतेक मुलांकडे लॅपटॉप नसतो, ती फाइल मोबाइलवरच उघडणार, तिथेच बदलणार आणि तिथूनच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार. मी घरातल्या सगळ्यांचे मोबाइल मागून घेतले, सासूबाईंचा जुना फोन तर सगळ्यात कामाचा ठरला कारण त्यात जागा कमी, अ‍ॅप जुनं. लॅपटॉपवर एका पानात बसलेली फाइल तिथे दीड पानाची व्हायची. कारण फॉन्ट. तुम्ही घेतलेला फॉन्ट समोरच्याच्या फोनमध्ये नसला की अ‍ॅप दुसरा लावतं, त्याची अक्षरं रुंद असली की ओळी खाली सरकतात. म्हणून मी देखण्या फॉन्टचा नाद सोडला आणि एरियल, कॅलिब्री असे फॉन्ट घेतले, यांच्याच मापाचे पर्यायी फॉन्ट बऱ्याच ठिकाणी असतात म्हणून पान फारसं हलत नाही. शिवाय प्रत्येक पानाखाली पाच-सहा ओळींची जागा मुद्दाम मोकळी ठेवते.

हिंदी बायोडाटाचं वेगळंच. इकडे अजून कृतिदेव हा जुना हिंदी टायपिंगचा फॉन्ट खूप चालतो, टायपिंगवाल्या दुकानात सर्रास. पण कृतिदेवमधली फाइल ज्याच्या फोनमध्ये तो फॉन्ट नाही त्याला नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून हिंदी आणि मराठीची टेम्प्लेट मी युनिकोडमध्येच केली, म्हणजे कुठल्याही फोनवर अक्षरं नीट दिसतात, मुक्ता फॉन्ट घेऊन. तो ओपन फॉन्ट लायसन्सचा आहे, धंद्यात वापरता येतो, पैसे नाहीत. फॉन्ट, आयकॉन, चित्रं यांचं लायसन्स वाचूनच घ्या. कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनच्या साइटवर करून विकायचं असेल तर त्यांचे नियम आधी बसून वाचा, तिथे साधारण टेम्प्लेटची लिंक विकायची आणि गिऱ्हाइकाने कॅनव्हातच बदलायचं अशी पद्धत आहे, त्यांची तयार चित्रं जशीच्या तशी उचलून विकता येत नाहीत. मी वर्ड आणि गूगल डॉक्स या दोनच गोष्टींवर राहिले. गूगल डॉक्सची एक युक्ती फार कामाची आहे, शेअर लिंकच्या शेवटी जिथे एडिट लिहिलेलं असतं त्याच्यापासून पुढचं काढून तिथे कॉपी हा शब्द इंग्रजीत टाकायचा, मग गिऱ्हाइकाने लिंक उघडली की त्याला थेट स्वतःची प्रत बनवायचं बटण येतं, आणि ते परवानगी द्या म्हणून रात्री-बेरात्री येणारे मेल बंद होतात.

डिसेंबरात पहिली विक्री ओळखीतच झाली. एजन्सीतल्या जुन्या मैत्रिणींनी ग्रुपवर टाकलं, ९९ रुपये किंमत, यूपीआयवर पैसे घ्यायचे आणि मी हाताने फाइल पाठवायची. एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा, पैसे आल्याचा स्क्रीनशॉट बघून फाइल पाठवू नका, स्वतःच्या बँकेत जमा दिसले की मगच पाठवा. ओळखीपलीकडची पहिली विक्री झाली ती धारच्या एका मुलाला, त्याने काही न विचारता पैसे पाठवले आणि फक्त लिहिलं, दीदी डिप्लोमा मेकॅनिकल वाला. मी नवऱ्याला हाका मारून तो मेसेज दाखवला होता. ओळखीच्यांनी घेणं आणि ज्याने आपलं तोंड पाहिलं नाही त्याने घेणं यात फार फरक असतो.

पण असं किती दिवस चालणार, रात्री अकराला कुणी पैसे टाकतो आणि त्याला सकाळी मुलाखतीला जायचं असतं. पैसे आले की फाइल आपोआप जायला हवी, त्यासाठी वेबसाइट आणि पेमेंट गेटवे हवा, म्हणजे साइटवर ऑनलाइन पैसे घेऊन आपल्या खात्यात पोचवणारी सेवा, आणि गेटवेला कागद हवेत. इथून जानेवारी २०२५ सुरू.

पहिला कागद उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी. हे सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट आहे, आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल एवढंच लागतं, कुठलाही कागद अपलोड करायचा नाही, सर्टिफिकेट ऑनलाइनच मिळतं. हे ठळक सांगते कारण गूगलवर शोधलं की वरती सरकारी वाटणाऱ्या खासगी साइट येतात आणि त्या याच कामाचे हजार-दोन हजार मागतात. पत्ता सरकारी डोमेनचा आहे का बघा आणि मगच आधार नंबर टाका. फॉर्ममध्ये धंद्याचा एनआयसी कोड, म्हणजे धंद्याच्या प्रकाराचा सरकारी नंबर विचारतात, मी ७४१० मधला घेतला, ते डिझाइनच्या कामाचं खातं आहे.

पण फॉर्म भरण्याआधीच गाडी नावावर अडली, आणि ही अडचण आपल्या मराठी बायकांना हमखास येणार म्हणून सविस्तर सांगते. माझ्या पॅनवर माहेरचं पूर्ण नाव, म्हणजे माझं, वडिलांचं आणि आडनाव. आधारवर सासरचं, मधे नवऱ्याचं नाव. आणि बँकेत सासरचं आडनाव पण मधे नुसतं एक अक्षर. घरात, शाळेत, लग्नपत्रिकेत आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. कॉम्प्युटरला मात्र या तीन वेगळ्या बायका वाटतात. इकडे तर मधलं नाव लावायची पद्धतच बहुतेकांत नाही, त्यामुळे समोरच्या क्लार्कला हा गुंता आधी समजावून सांगावा लागतो. सीए काकांनी सांगितलं की कुठलं तरी एक नाव धर आणि बाकी सगळं त्याच्यासारखं कर, अर्धवट काही ठेवू नकोस. मी आधारवरचं धरलं. पॅन दुरुस्तीला विवाह प्रमाणपत्र लावलं, फी शे-सव्वाशेच्या आत, आणि नवं पॅन यायला दोन-अडीच आठवडे लागले. मग ते पॅन घेऊन बँकेत नाव बदलायचा अर्ज. बँकेत मात्र जास्त वेळ गेला, फॉर्म एकदा एका टेबलावरून दुसऱ्यावर गेला आणि तिथेच बसून राहिला, मी पोचपावती घेतली होती म्हणून निदान विचारायला तोंड होतं. कुठलाही अर्ज दिला की शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्या, फोटो काढून ठेवा.

हे महिने मनाने फार जड होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं घरीच तर आहे, पण टेम्प्लेट तयार, लोक विचारतायत, आणि आपण एका अक्षरासाठी थांबलोय. पगार बंद झालेला. नवरा कधी काही बोलला नाही, पण महिन्याची यादी करताना माझंच मन मला खायचं. त्या दिवसांत मी राहिलेली टेम्प्लेट पूर्ण केली आणि नमुना मजकूर परत परत वाचून सुधारला, त्याने डोकं ठिकाणावर राहिलं.

करंट खातं उघडायचं का हा पुढचा प्रश्न. एकट्याचा धंदा असेल तर स्वतःच्या नावाने सेव्हिंग खात्यात पैसे घेऊन बऱ्याच जणी सुरुवात करतात, पण मला दुकानाच्या नावाने खातं हवं होतं, घरखर्च आणि धंदा वेगळा दिसावा म्हणून. बँकेत विचारलं तर उत्तर आलं, "मैडम, फर्म के नाम का दूसरा प्रूफ चाहिए, गुमाश्ता है क्या?" एकट्या मालकाच्या फर्मसाठी बँका साधारणपणे फर्मच्या नावाचे दोन पुरावे मागतात, उद्यम सर्टिफिकेट एक झालं, दुसरा गुमाश्ता म्हणजे दुकान-आस्थापनेचं रजिस्ट्रेशन. तो अर्ज इथे ऑनलाइन होतो, जागेचा पुरावा लागतो. घराचं लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर, म्हणून त्यांचं संमतीपत्र जोडलं. ते लोकमान्य नगरच्या घरात इतकी वर्षं राहतायत, त्यांना आधी कळेना की घरात दुकान कुठे आहे, मग मी लॅपटॉप उघडून सगळी टेम्प्लेट दाखवली, एकेक वाचली त्यांनी, इंग्रजीतली दोन वाक्यं सुधारून दिली आणि मग सही केली. खातं उघडलं. किमान किती रक्कम ठेवावी लागते ते आधीच विचारा, बँकेबँकेत मोठा फरक असतो, मी दहा हजारवालं घेतलं आणि ते पैसे अडकले असंच धरून चालते.

नाव ठरवायच्या आधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर शोधून बघा, शोध फुकट आहे. रजिस्टर करायचं तर एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये, मी ते अजून केलेलं नाही, विक्री वाढली की करणार. डॉट इन डोमेन पहिल्या वर्षाला सातशेच्या आत पडलं, पण रिन्यूअलचा भाव आधी बघा, पहिल्या वर्षी स्वस्त देऊन पुढे वाढवतात.

गेटवेने साइट तपासताना काही पानं असायलाच हवीत असं सांगितलं, संपर्क, नियम व अटी, प्रायव्हसी, रिफंड आणि शिपिंग. फाइल विकणाऱ्याचं शिपिंग कसलं असं वाटेल, पण ते पान लागतंच, त्यात लिहायचं की पैसे भरल्यावर लगेच ईमेलवर लिंक येते, काहीही कुरिअरने जात नाही. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम पण बघून घ्या, त्यात धंद्याचं नाव, पत्ता, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर द्यायचं असतं, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात. अधिकारी म्हणून माझंच नाव आहे. घरचा पत्ता असा सगळ्यांना दिसणार याची मला धास्ती वाटली होती, ती अजून पूर्ण गेलेली नाही, पण निदान फोन नंबरसाठी वेगळं सिम घेतलं आणि ते संध्याकाळी सातनंतर बंद असतं.

बँक खातं तपासायला गेटवे एक रुपया टाकून खात्यावरचं नाव वाचतो आणि पॅनशी जुळवतो. तो रुपया आल्याचा मेसेज मार्चच्या पहिल्या आठवड्यात आला आणि दुसऱ्या दिवशी अकाउंट चालू झालं. नावाच्या मागे घातलेले ते सगळे आठवडे तिथे वसूल झाले.

किंमत मी १४९ केली. माझ्या गेटवेचा दर २ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४९ मधून साधारण साडेतीन रुपये कापून १४५ रुपये ४८ पैसे खात्यात, दोन कामाच्या दिवसांनी. ९९ ला विकत होते तेव्हा लोक जास्त घासाघीस करायचे, का ते माहीत नाही, पण १४९ ला प्रश्न कमी येतात. पॅक करून तीन टेम्प्लेट २९९ ला पण ठेवली आहेत, ती फारशी जात नाहीत, माणसाला एकच नोकरी हवी असते आणि एकच रेझ्युमे.

परदेशातल्या गिऱ्हाइकांचाही विचार केला होता. एट्सी या परदेशी ऑनलाइन बाजारावर एक लिस्टिंग, म्हणजे एक वस्तू विकायला लावणं, २० सेंटचं, चार महिने चालतं, आणि विक्रीवर साडेसहा टक्के. दर ठीकच आहेत, पण अमेरिका-कॅनडाला कागद लेटर मापाचा, आपला ए-फोर, तिथे रेझ्युमेवर फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव चालत नाही, म्हणजे सगळं नव्याने करायचं. आणि तिथल्या नोकऱ्या मी बघितलेल्या नाहीत. ज्या कामाचे रेझ्युमे मी स्वतः हाताळलेत तेच विकायचं हे माझं ठरलेलं आहे, म्हणून ते सोडून दिलं.

मार्च-एप्रिलमध्ये विक्री थंडच होती, महिन्याला हजार-पंधराशेची. मे महिन्यापासून परीक्षा संपल्या, निकाल लागायला लागले आणि जूनमध्ये एकदम वाढली. जाहिरातीवर मी एकदाच पाचशे घालून बघितले, त्यातून काही आलं नाही. आलं ते छोट्या व्हिडिओंमधून, ज्यात मी एक बिघडलेला रेझ्युमे घेऊन तो नोटपॅडमध्ये टाकून दाखवते आणि मग दुरुस्त करते. नाव-नंबर काल्पनिक असतात, कुणाचा खरा रेझ्युमे कधीही दाखवू नका, त्याने विश्वासाने पाठवलेला असतो. आणि खजुरी बाजारातल्या एका झेरॉक्सवाल्या दादांनी काउंटरवर माझा क्यूआर लावून दिला, त्यांच्याकडे प्रिंट काढायला येणारी मुलं तिथून घेतात, प्रिंटचे पैसे त्यांचे, टेम्प्लेटचे माझे, आणि प्रत्येक विक्रीमागे मी त्यांना वीस रुपये देते.

तक्रारी येतात. बहुतेक एकच, मॅडम फाइल ओपन नहीं हो रही. दहातल्या आठ वेळा फाइल झिपमध्ये असते आणि फोनला झिप उघडता येत नाही. मी झिप देणं बंद केलं, आता वर्डची फाइल, पीडीएफ नमुना आणि डॉक्सची लिंक अशा तीन वेगळ्या गोष्टी जातात, वर मोबाइलवर नाव कसं बदलायचं याचा दीड मिनिटाचा व्हिडिओ. फाइल उघडलीच नाही तर पैसे परत, वाद घालत नाही. गेटवेवरून रिफंड गिऱ्हाइकाच्या खात्यात जायला पाच-सात कामाचे दिवस लागू शकतात हे आधीच सांगते, नाहीतर तो रोज विचारतो. काही मुलं भरलेला रेझ्युमे पाठवून विचारतात की ठीक आहे का. मी बघते. याचे पैसे घे असं सगळे सांगतात, पण एका मुलाच्या रेझ्युमेत मोबाइल नंबर नऊच आकडी होता, आणि तो असाच अर्ज करत फिरत होता. हे बघितल्यावर मला पैसे मागवत नाहीत, दोन मिनिटांचं काम असतं.

एक अनपेक्षित मागणी आली ती आपल्याच लोकांकडून. लग्नाच्या बायोडाटाची. रामबागेतल्या एका काकूंनी विचारलं की नोकरीचं करतेस तर स्थळांचं का नाही, मुलीचा बायोडाटा पाठवायचाय आणि जो आहे त्यात सगळं हिंदीत. मग गोत्र, रास, नक्षत्र, मामेकुळ, कुलदैवत, अपेक्षा असं आपल्या पद्धतीचं मराठी टेम्प्लेट केलं, वरती गणपती, एका पानात बसणारं. पत्रिकेची माहिती नको असेल तर ती ओळ काढली तरी पान बिघडत नाही अशी रचना केली, कारण आजकाल बऱ्याच मुली ती देत नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर याला मागणी वाढेल असा अंदाज आहे.

आता कराचं. जीएसटीचं नाव ऐकूनच निम्म्या जणी माघार घेतात. सेवांसाठी मध्य प्रदेशात वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, आणि दुसऱ्या राज्यातलं गिऱ्हाइक असलं तरी सेवांना ती सूट आहे. वस्तूंचे नियम वेगळे, उद्या मी छापील फोल्डर दुसऱ्या राज्यात पाठवायला लागले तर हिशोब बदलेल. सीए काका म्हणाले, "अगं, वीस लाख होऊ देत आधी, तोवर बिलावर जीएसटीचं नाव पण काढायचं नाही." हे लक्षात ठेवा, रजिस्ट्रेशन नसताना गिऱ्हाइकाकडून जीएसटी म्हणून काही घेता येत नाही.

इन्कम टॅक्सला त्यांनी ४४एडी खाली दाखवलं, छोट्या धंद्यासाठी अंदाजी नफ्याची सोय, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के नफा धरायचा, रोखीवर ८. माझा नफा त्याहून जास्त होता, म्हणून खरा होता तितका दाखवला. ऑक्टोबरपर्यंतचा पगार आणि डिसेंबर ते मार्चची विक्री मिळून आयटीआर-४ भरला. मुदत त्या वर्षी ३१ जुलैवरून वाढून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत गेली होती, त्यामुळे घाई झाली नाही. काकांनी पंधराशे घेतले. सुरुवातीच्या ९९ रुपयांच्या विक्रीचे पैसे सेव्हिंग खात्यात घरच्या पैशांत मिसळले होते, ते वेगळे काढायला मात्र बसावं लागलं, पण एका वहीत तारीख, नाव, रक्कम लिहिलेली होती त्यामुळे जुळलं. कितीही लहान असो, पहिल्या विक्रीपासून लिहून ठेवा.

सुरुवातीचा खर्च सगळा धरून, म्हणजे डोमेन, साइट, पॅन, सिम, झेरॉक्स, खात्यात अडकलेले दहा हजार सोडून, सात हजारांच्या आसपास गेला. आता महिन्याला आठ ते अकरा हजार येतात, निकालांच्या दिवसांत थोडे जास्त. जुन्या पगाराच्या निम्मेसुद्धा नाहीत. पण वाढतायत, आणि दुपारी मुलगी शाळेतून येते तेव्हा मी घरी असते.

सध्या नर्सिंगच्या मुलींसाठी टेम्प्लेट करतेय. त्यात कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर, कुठल्या वॉर्डात किती काम केलं, रात्रपाळी, हे सगळं वरच्या अर्ध्या पानात यायला हवं. दोन नर्स ताईंनी आपले जुने रेझ्युमे वाचायला दिलेत, त्यांच्या ड्यूटीच्या वेळा सांभाळून प्रश्न विचारतेय, आणि आयसीयूचा अनुभव वेगळा लिहायचा की वॉर्डातच, यावर दोघींचं अजून एकमत होत नाहीये.